नायट्रेट उतरले, पण पाणी बदलणे सुटले नाही

शेवाळ-स्क्रबर, म्हणजे जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून पाणी स्वच्छ करणारे साधन, बसवला की माशांच्या टाकीचे पाणी बदलायची कटकट संपते, असे एका लेखात वाचले. इतके सरळ नाही हो. बडोद्यात दांडिया बाजारच्या घरात माझी १०० लिटरची गोल्डफिशची टाकी आहे. हे मासे खातात भरपूर, घाणही तितकीच. फिल्टरच्या स्पंजमधले जिवाणू त्या घाणीतल्या अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात नि तिथेच थांबतात; नायट्रेट पाण्यात साठत जाते, म्हणून तर पाणी बदलावे लागते. शेवाळ मात्र त्यावरच पोसते, फॉस्फेटही ओढते, आणि खरवडून काढले की ते सगळे टाकीबाहेर जाते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी हीच युक्ती प्रवाळांच्या टाकीसाठी वापरली होती.

माझा जुगाड म्हणजे बायकोच्या भरतकामातली प्लास्टिकची जाळी, करवतीच्या पात्याने खरखरीत केलेली (गुळगुळीत जाळीवर शेवाळ धरत नाही, पहिला महिना त्यातच वाया गेला), वरून पंपाची धार, बाजूला लाल एलईडी. दिवा रात्री लावतो. टाकीतल्या वनस्पती तेव्हा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो शेवाळ घेते आणि पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) फार हलत नाही. रविवारी अर्धीच जाळी खरवडतो. निघालेले शेवाळ मोगऱ्याच्या कुंडीत.

पण मे महिन्यात पाणी इतके उडते की रोज तांब्याने भर घालावी लागते, आणि क्षार मागेच राहतात. म्हणून पंधरा दिवसांनी पाव टाकी बदलतोच. आणि जाळी नीट हिरवी होईपर्यंत जुना स्पंज काढू नका, मासे हकनाक जातील.