८८ पैकी ४४

एखाद्या जर्मन राज्यात सरकार बनवायचे तुम्ही मनावर घेतले असेल, तर आधी रंगपेटी आणा. धोरण, विचारसरणी, जाहीरनामा हे सावकाश बघू. तिथे प्रत्येक पक्षाला एक रंग असतो: सीडीयू काळा, एसपीडी लाल, एफडीपी पिवळा, ग्रीन हिरवा. तीन रंग जुळले की ते ज्या देशाच्या झेंड्यात असतील त्याचे नाव सरकारला द्यायचे. काळा-पिवळा-हिरवा म्हणजे जमैका. २००९ मध्ये झारलांडने तो पहिल्यांदा जमवला. काळा-लाल-हिरवा म्हणजे केनिया, २०१६, सॅक्सनी-अनहाल्ट. झेंडे संपले की सरळ मंडईत जा. २०२४ मध्ये जांभळट रंगाचा बीएसडब्ल्यू पक्ष आला, त्यामुळे थुरिंगियातले काळे-जांभळे-लाल सरकार ब्लॅकबेरी ठरले. हे फळ कच्चे असताना लाल, पिकताना जांभळे आणि पिकल्यावर काळे असते. झुडपाला काटे असतात ते वेगळे.

निकालाच्या रात्री मात्र कुणालाही पेढा भरवू नका. १ सप्टेंबर २०२४ ला सॅक्सनीत १२० जागांच्या सभागृहात अतिउजव्या एएफडी पक्षाला ४१ जागा दाखवल्या गेल्या. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, म्हणजे घटनादुरुस्ती अडवण्याची ताकद. दुसऱ्या दिवशी कळले की जागावाटपाचे सॉफ्टवेअर चुकले होते. ४१ चे ४० झाले आणि ताकद गेली. शिस्तीच्या देशातही बेरीज दोनदा करावी.

आता थुरिंगियाचेच गणित पाटीवर मांडा. एकूण ८८. एएफडी ३२, सीडीयू २३, बीएसडब्ल्यू १५, डावा पक्ष डी लिंके १२, एसपीडी ६. बहुमताला ४५ हवेत. एएफडीशी कोणीच बसणार नाही, उरले ५६. लिंकेशी सहकार्य करायचे नाही, असा सीडीयूचा २०१८ चा ठराव आहे, उरले ४४. बरोबर निम्मे. यालाच म्हणतात तत्त्वांचे राजकारण: एकेक तत्त्व वजा करत जायचे आणि एक जागा कमी पडली की थांबायचे.

पुढची पायरी चाचपणीची, जर्मनमध्ये सोन्डिअरुंग. ही म्हणजे वाटाघाटी नव्हेत, वाटाघाटी कराव्यात का याच्या वाटाघाटी. यातून आठ-दहा पानांचा कागद निघाला, तर पक्षाच्या मंडळींपुढे ठेवून खऱ्या वाटाघाटींची परवानगी मागायची. सॅक्सनीत सीडीयू, एसपीडी आणि बीएसडब्ल्यू यांचे ६६ होत होते, तरी गाडी इथेच रुळावरून घसरली आणि शेवटी सीडीयू-एसपीडीने १२० पैकी ५१ आमदारांवर अल्पमताचा संसार थाटला. परवानगी मिळालीच, तर विषयवार गट बसवा: शाळा, पोलीस, दवाखाने, शेती. जिथे एकमत होत नाही ती वाक्ये मसुद्यात कंसात आणि ज्याच्या त्याच्या रंगात ठेवा. ती वरच्या नेत्यांच्या बैठकीत जातात. रात्री दोनला तिथे कंस सुटतात, कारण तेव्हा कुणालाच वाचता येत नाही.

कराराची भाषा हा खरा कलेचा भाग, इथे घाई करू नका. ‘आम्ही करू’ असे लिहिले तर करावे लागते, म्हणून हे क्रियापद मिठासारखे वापरा. ‘आम्हाला करायचे आहे’ म्हणजे पैसे मिळाले तर. ‘आम्ही तपासू’ म्हणजे नाही, पण हे वाक्य मागणाऱ्या पक्षाला मेळाव्यात दाखवता आले पाहिजे. ‘केंद्राच्या पातळीवर आम्ही आग्रह धरू’ म्हणजे हा विषय आपल्या हातातच नाही, तेव्हा हवे तेवढे शूर व्हा. शेवटी कुठेतरी एक ओळ टाका की सगळे काही निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून राहील. या एका ओळीने शंभर पाने फुकटात पडतात.

हातात नसलेल्या विषयांना कमी लेखू नका, सगळ्यात जास्त दिवस तेच खातात. राज्याकडे असतात शाळा, विद्यापीठे, पोलीस, संस्कृती. पण झारा वागेनक्नेश्त यांच्या पक्षाने, म्हणजे बीएसडब्ल्यूने, थुरिंगियाची राजधानी एरफुर्टच्या बोलणीत मुद्दा लावून धरला तो युक्रेन युद्धाचा आणि जर्मनीत अमेरिकन क्षेपणास्त्रे ठेवण्याचा. थुरिंगियाकडे क्षेपणास्त्रे नाहीत, परराष्ट्र खातेही नाही. तोडगा असा निघाला की प्रस्तावनेतच शांततेची इच्छा मांडायची आणि तिथेच हेही नोंदवायचे की या बाबतीत आमची मते वेगवेगळी आहेत. तिघांनी सही करून मान्य केलेला मतभेद! नोटरीकडे असा दस्तऐवज घेऊन गेलात, तर तो चष्मा काढून तुमच्याकडे बघेल.

खातेवाटपात लहान भागीदाराला नेहमी चढा भाव द्यावा लागतो. थुरिंगियात एसपीडीच्या ६ आमदारांना २ मंत्रालये मिळाली, १५ वाल्या बीएसडब्ल्यूला ३, आणि २३ वाल्या सीडीयूला मुख्यमंत्रिपद, त्यांच्या कार्यालयाचा मंत्री आणि ३ मंत्रालये. खाती पुरली नाहीत तर चिरायची. शेती अर्थखात्याबरोबर सीडीयूकडे गेली आणि जंगल पर्यावरणाबरोबर बीएसडब्ल्यूकडे. रानडुकराने बांध ओलांडला की तो दुसऱ्या पक्षाच्या हद्दीत येतो.

करारातले बुंडेसराटचे, म्हणजे राज्यांच्या सभागृहाचे, कलम विसरलात तर मात्र थेट घटनापीठापुढे उभे राहाल. केंद्रातल्या या सभागृहात राज्याची ३ ते ६ मते असतात आणि ती सगळी एकाच बाजूला टाकावी लागतात. भागीदारांत एकमत नसेल तर राज्य तटस्थ राहील, असे प्रत्येक करारात लिहितात. तिथे एकूण ६९ पैकी ३५ मते लागत असल्याने तटस्थता म्हणजे नकारच, पण ऐकायला सभ्य. २२ मार्च २००२ ला ब्रांडेनबुर्गच्या एसपीडी-सीडीयू सरकारला स्थलांतर कायद्यावर मत विचारले. एक मंत्री ‘हो’ म्हणाला, दुसरा ‘नाही’. मुख्यमंत्री श्टोल्पे ‘हो’ म्हणाले आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या वोवेराइट यांनी राज्याचा ‘हो’ धरला. सभागृहात आरडाओरडा, आणि डिसेंबरात घटना न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला. एका राज्याने एका दमात हो आणि नाही म्हणू नये, हे ठरवायला नऊ महिने लागले.

आघाडी मोडायची वेळ आलीच तर मुहूर्त बघा. झारलांडच्या मुख्यमंत्री क्राम्प-कारेनबाउअर यांनी जमैका मोडल्याचे जाहीर केले ६ जानेवारी २०१२ ला, म्हणजे एफडीपीचा वर्षाचा मोठा मेळावा स्टुटगार्टमध्ये भरलेला असताना. भाषणे चालू, आणि व्यासपीठाखाली एक राज्य गेलेले.

एवढे सगळे कागदावर झाले. मेळाव्यांनी मंजुरी दिली, सह्या झाल्या, फोटो निघाले. आता मुख्यमंत्र्याची निवड, आणि ती होते गुप्त मतदानाने. तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही, आमदारांना हॉटेलात नेऊन ठेवायची पद्धत नाही, आणि ठेवले तरी मतपत्रिकेवर नाव नसते. शंभर-सव्वाशे पानांत किंडरगार्टनच्या ताईंची संख्यासुद्धा लिहून घेतलेली असते, फक्त हे एक मत लिहून घेता येत नाही.

श्लेस्विग-होल्स्टाइनच्या राजधानीत, कीलमध्ये, १७ मार्च २००५ ला मुख्यमंत्री हायडे सिमोनिस यांच्या बाजूला ३५ आमदार होते, समोर ३४. चार फेऱ्या झाल्या आणि चारही वेळा त्यांची मते ३४ च भरली. ते मत कोणाचे, हे अजून कळलेले नाही. ब्रांडेनबुर्गमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये आघाडीचे ४६ असताना मुख्यमंत्री वोइडके यांना पहिल्या फेरीत ४३ मते पडली आणि दुसऱ्या फेरीत ५०. तीन आपले गेले, मग त्यांच्यासह चार परके आले. धन्यवाद कोणाला द्यायचे हा प्रश्न आला की सरसकट ‘सभागृहाचे आभार’ म्हणा.

तिसऱ्या फेरीपर्यंत तर जाऊच देऊ नका. थुरिंगियात तिसऱ्या फेरीला नुसती जास्त मते पुरतात. ५ फेब्रुवारी २०२० ला एएफडीने आपला उमेदवार उभा केला आणि तिसऱ्या फेरीत त्याला शून्य मते दिली. सगळी गेली पाच आमदारांच्या एफडीपीच्या केमेरिख यांना. ते ४५ विरुद्ध ४४ ने मुख्यमंत्री झाले. लिंकेच्या गटनेत्यांनी अभिनंदनाचा गुच्छ त्यांच्या पायाशी टाकला. तीन दिवसांनी राजीनामा, पण नवा माणूस निवडला जाईपर्यंत, म्हणजे ४ मार्चपर्यंत, खुर्ची त्यांच्याकडेच, आणि मंत्री एकही नाही. खातेवाटपावरून अजिबात भांडण न झालेले हे बहुधा एकमेव सरकार.

म्हणून १२ डिसेंबर २०२४ ला एरफुर्टमध्ये सगळे श्वास रोखून बसले होते. आघाडीचे ४४, हवेत ४५. सीडीयूचे उमेदवार मारिओ फोग्ट यांना पहिल्याच फेरीत ५१ मिळाली. अशी वेळ तुमच्यावर आली, तर वरची सात कुठून आली याची चौकशी करू नका. लिंकेशी सहकार्य न करण्याचा ठराव जागेवर आहे आणि अर्थसंकल्पाच्या वेळी त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्याला फक्त ‘संवाद’ म्हणायचे आहे. अभिनंदनाची रांग लागेल, तेव्हा प्रत्येकाशी हात मिळवा. मोजू मात्र नका.