मॅडम, फाईल तुमच्याकडं असंलच की

कोल्हापुरात पीएचडी करणाऱ्या माणसाचा प्रबंध कुठं सेव्ह केलेला असतो असं कुणी विचारलं तर उत्तर एकच, माझ्याकडं. म्हणजे तसं त्या माणसाला वाटतं. शाहूपुरीत माझं टायपिंगचं जॉबवर्क आहे, विद्यापीठाचे प्रबंध, पतसंस्थांचे अहवाल, अधनंमधनं लग्नपत्रिका, आणि एकदा पैसे देऊन प्रिंट घेऊन गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याच्या हिशेबानं त्या फाईलची जबाबदारी जन्मभर माझी. पाच-सहा वर्षांनी अचानक उगवणार आणि दारातनंच, "मॅडम, वळीखलं काय? पाटील! ती आपली फाईल जरा काढा की." आता कोल्हापूर जिल्ह्यात नुसतं पाटील म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. माझ्या कॉम्प्युटरवर 'पाटील गूळ', 'पाटील कुस्ती', 'पाटील भुदरगड', 'पाटील दूधसंस्था' असे फोल्डर आहेत आणि एक 'पाटील उधारी' आहे, त्यात तिघंजण आहेत.

तुम्ही म्हणाल लोकांनी आपलं आपण जपून ठेवायला नको का. ठेवतात की! डेस्कटॉपवर ठेवतात. समोर दिसतंय म्हणजे आहे, एवढा साधा हिशेब. आता डेस्कटॉप ही काही वेगळी जागा नाही, तो सी ड्राईव्हमधलाच एक फोल्डर, आणि विंडोज पण त्याच सी मध्ये. विंडोज रुसलं की रिपेअरवाला येतो आणि आमच्याकडच्या रिपेअरवाल्यांना निम्म्या आजारांवर एकच औषध माहीत, फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून पाटी कोरी. माझ्या दुकानात माझ्या समोर झालेला संवाद सांगते.

"सी मध्ये काय महत्त्वाचं हाय का वो सर?"

"न्हाई न्हाई, सी मध्ये कायबी न्हाई. माझं सगळं डेस्कटॉपवर हाय."

"मग मारू?"

"मारा की, काय हुतंय."

मी हातातला चहा तसाच ठेवून उठले पण मी टेबलापर्यंत पोचायच्या आत यानं एंटर मारलेलं. सर नंतर बराच वेळ त्या निळ्याशार मोकळ्या स्क्रीनकडं बघत होते आणि रिपेअरवाला आपला अभिमानानं सांगतोय, बघा सर, कसं पळतंय आता.

यातनं शहाणी झालेली माणसं मग डी वर ठेवतात. डी म्हटलं की चेहऱ्यावर एकदम लॉकरमध्ये ठेवल्याचं समाधान. फॉरमॅटपासनं वाचतं हे खरं, पण बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी म्हणजे भावकीतलं वाटप हो, एकाच वाड्यात मधे भिंत घातलेली, इकडं थोरला तिकडं धाकटा, पण आढं एकच आणि पायाही एकच. हार्डडिस्क गेली की दोघंही एकदमच उघड्यावर. हे मी प्रत्येकाला समजावून सांगते आणि प्रत्येकजण मान हलवून विचारतो, मग ई वर ठेवू?

पेनड्राईव्हबद्दल फार बोलत नाही. किल्लीच्या जुडग्यात जोतिबाच्या किचेनशेजारी लटकवलेला पेनड्राईव्ह दहा ठिकाणच्या झेरॉक्सच्या दुकानात फिरून माझ्याकडं येतो तेव्हा व्हायरसमुळं आत फक्त शॉर्टकट उरलेले असतात. ती वस्तू इकडनं तिकडं न्यायची आहे, ठेवायची नाही, वर्षानुवर्षं कपाटात नुसती पडली तरी आतलं पुसट होत जातं. पण ज्यांनी वॉशिंग मशीनमधनं काढून, उन्हात वाळवून आणलाय आणि 'चालतोय की अजून' म्हणतायत त्यांना काय सांगणार.

त्याहून वाईट जागा म्हणजे जी जागाच नाही. गाईड सर मेलवर झिप फाईल पाठवतात, विद्यार्थी झिप न सोडवता आतली फाईल तशीच डबल क्लिक करून उघडतो, रात्रभर बसून दुरुस्त्या करतो, भक्तिभावानं कंट्रोल एस दाबतो आणि झोपतो. कॉम्प्युटरनं ती फाईल कुठल्यातरी टेम्पमध्ये तात्पुरती काढलेली असते, दुरुस्त्याही तिथंच जातात. सकाळी परत झिप उघडली की आत कालचीच फाईल, सरांच्या लाल खुणांसकट. "मॅडम, सेव्ह केल्तं, आईशप्पत!" आणि तो खोटं बोलत नसतो हेच तर दुःख आहे. टेम्पात बसून शोधाशोध करायचं काम मग माझ्याकडं, सापडलं तर नशीब, आणि त्याचे पैसे मागितले की "एवढ्याचं काय मॅडम".

आता क्लाऊड, म्हणजे इंटरनेटवरची जागा. कागलच्या एक शिक्षिका बाई आल्या, म्हणाल्या, "मी ढगात ठेवलो की मॅडम, आता कुणाच्या बापाचं भ्या न्हाई." मला खरंच आनंद झाला. पण गुगलचे फुकटचे १५ जीबी हे एकट्या ड्राईव्हचे नसतात, जीमेल, फोटो सगळं मिळून १५, आणि आता अँड्रॉईडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात. बाईंचं व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे माहेर, सासर, शाळा आणि दोन भिशी, सूर्योदय आणि गुलाबाची फुलं यांनीच १५ जीबी गच्च, पाचव्या प्रकरणाला आत पाय ठेवायला जागा नाही. मग गणपतीच्या सुट्टीत पोरानं म्हटलं आई, मी जागा करून देतो. पोरगं हुशार. त्यानं गुलाब ठेवले आणि 'मोठ्या फाईली' उडवल्या. मोबाईलवरनं उडवलं आणि तेच ड्राईव्ह लॅपटॉपला जोडलेलं, त्यामुळं लॅपटॉपवरनंही इमानदारीत उडालं. एकीकडं पुसलं की दुसरीकडंही पुसणं हेच तर सिंकचं काम आहे, ते त्यानं चोख केलं. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं, आणि बाई माझ्याकडं आल्या दिवाळीचा फराळ घेऊन. चकली चांगली होती.

पण सगळ्यात जीव हळहळला तो एका इतिहासवाल्यासाठी. हा पोरगा रोज पुराभिलेखागारात जाऊन बसायचा, शाहू महाराजांच्या काळातली मोडी कागदपत्रं, तिथं रुमालात बांधून ठेवलेली असतात, एकेक गाठ सोडून वाचायची. १९०२ साली महाराजांनी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्यावरचं याचं प्रकरण. सगळ्या नोंदी गुगलवर, आणि फोन बदलल्यावर पासवर्ड आठवेना. ओटीपी जातो जुन्या नंबरवर, तो नंबर रिचार्ज न केल्यानं कधीच बंद पडून दुसऱ्याला मिळालेला. यानं माझ्या दुकानातनंच त्या नंबरला फोन लावला, गडहिंग्लजकडचा कुणी ट्रॅक्टरवाला निघाला. "दादा, आत्ता तुमच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे सांगा की." पलीकडनं एवढंच, "ओटीपी कुणालाबी सांगायचा न्हाई म्हणून सरकार रोज बोंबलतंय, मला येडा समजतोस व्हय रं?" आणि मग ज्या शिव्या आल्या त्या मात्र कुठंही सेव्ह करण्यासारख्या नव्हत्या. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कागद एका फडक्यात सुखरूप, आणि त्याच्यावर गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या नोंदी एका इमानदार ट्रॅक्टरवाल्याच्या खिशात. माझं तर मत आहे की आपल्याकडं कुणी काही नीट सेव्ह केलं असेल तर ते त्या रुमाल बांधणाऱ्या कारकुनांनी.

सीडीचं पण सांगते. २००६ च्या सुमाराला एकानं एम.फिल. सीडीवर घेतलेलं, ते आता हवं होतं. घरी सगळं धुंडाळलं, सापडलं कुठं तर गॅलरीत, कबुतरं येऊ नयेत म्हणून दोरीला बांधलेलं. कबुतरं येत नव्हती हे विशेष. आता लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नसते, माझा जुना पीसी होता म्हणून निदान लावून बघितली, ओरखड्यांतनं दोन प्रकरणं निघाली सुद्धा, पण ती जुन्या फॉन्टमधली, माझ्याकडं तो फॉन्ट नाही म्हणून स्क्रीनवर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा चिवडा. तो म्हणतो, "निदान पानं तरी बरोबर हाईत न्हवं?" होती बरोबर.

तर हे सगळं बघून मी ठरवलं की लोकांचं लोकांपाशी, आपलं दुकान आपण नियमानं चालवायचं. पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन फोटोग्राफरनं ३-२-१ नावाचा हिशेब सांगितलाय. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. पहिल्या दोन्हींचं काही नाही, पैसे टाकले की झालं. तिसऱ्यानं मात्र घाम काढला, कारण हा क्रोग कधी पंचगंगेच्या काठी राहिलेला नाही.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली. आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा सीपीयू डोक्यावर घेऊन मालकांच्या माडीवर चढवला, शेजारचे काका खालनं ओरडतायत, "वहिनी, आधी गॅस सिलिंडर घ्या, ते खोकं ऱ्हाऊ द्या, काय हुतंय त्याला!" त्या खोक्यात जिल्ह्यातले निम्मे भावी डॉक्टर होते.

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या डिस्कसाठी जागा शोधायला बसले. बहीण इचलकरंजीत, पण तिथंही हीच पंचगंगा, इथनं पुढं तिच्याच दारात जाते. आत्या सांगलीत, तिथं कृष्णा. पुराच्या आठवड्यात शिरोलीजवळ हायवेच बंद होतो त्यामुळं पुण्याचा विचार केला तरी डिस्क तिकडं आणि मी इकडं. शेवटी मिस्टर म्हणाले पन्हाळा. मिस्टरांची मावशी गडावर राहते. गडावर पूर येत नाही हे तर शाळेतल्या पोराला पण कळतं. मी खूष. डिस्क नीट गुंडाळून मावशींकडं दिली, दर महिन्याला जाऊन नवीन भरून यायचं, झुणका-भाकरी पण व्हायची.

२०२१ च्या जुलैत परत पूर, पाणी परत पंचावन्नच्या वर, मी निवांत. आणि बातमी आली, पन्हाळ्याचा रस्ता खचला. गडावर चढायचा मुख्य रस्ताच. डिस्क एकदम सुखरूप, फक्त तिच्यापर्यंत जायची वाट नाही. मिस्टर म्हणतात, अगं १६६० साली महाराजांना पण जुलैतच, भर पावसात, रात्री गुपचूप निसटावं लागलं होतं तिथनं. म्हटलं ते महाराज होते, ही एक टीबीची डिस्क आहे, तिला पालखी कोण देणार.

यथावकाश वाट झाली, गेलो. मावशींनी डिस्क तांदळाच्या डब्यातनं काढली, दमट लागू नये म्हणून तिथं ठेवलेली. मी घरी आणून लावली तर पूर्ण रिकामी. फोन केला.

"मावशी, डिस्कला कुणी हात लावला होता का हो?"

"न्हाई गं. रस्ता बंद, केबल बंद, पोरास्नी करमंना, म्हणून सिनेमा हाय का बघाय टीव्हीला लावली हुती."

"मग?"

"मग टीव्हीनं विचारलं फॉरमॅट करू का. मी व्हय म्हटलं. एवढं विचारतोय तर न्हाई कसं म्हणायचं?"

दुकानातल्या दोन प्रती शाबूत होत्या म्हणून पाटलांचं काहीही बिघडलं नाही, एका रात्रीत सगळं परत कॉपी झालं. डिस्क आता पुन्हा मावशींकडंच आहे, पण या वेळी मिस्टरांनी ती लाल कापडात बांधून, वर हळदीकुंकू लावून दिली आणि देवाचं आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासनं टीव्हीच काय, धूळ पुसायला सुद्धा कुणी हात लावत नाही. फक्त दर महिन्याला कॉपी करायला न्यायची म्हटली की मावशी आधी मला अंघोळ करून आलीस का विचारतात.