गॅलिटेपच्या कारकुनाला माफी कोणी दिली?

‘विज्ञानकथांच्या मालिकांमधले परग्रहवासी म्हणजे रंग फासलेले राक्षस. प्रत्येक जमातीला एकेक दुर्गुण वाटून दिलेला, माणूस तेवढा कायम बरोबर, आणि “स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन” तर छळछावणी चालवणाऱ्यांनाच माफी मिळवून देते,’ अशा आशयाचा लांबलचक संदेश सध्या फिरतो आहे. इतर कोणी पाठवला असता तर मी पुसून टाकला असता. पण परवा तो भाचीकडून आला आणि खाली तिने लिहिले होते, ‘मावशी, तू मला हेच बघायला लावत होतीस?’

छळछावणीचा आरोप आधी घेते, कारण तो नुसता चुकीचा नाही, उफराटा आहे. त्याला आधार म्हणून या मालिकेच्या १९९३ सालच्या ‘ड्युएट’ या भागाचे नाव दिले आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने तो पाहिला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. बजोर ग्रहावर कार्डासिया ग्रहाच्या लोकांचा, म्हणजे कार्डासियनांचा, ताबा होता, त्या काळातल्या गॅलिटेप या छळछावणीत एक अपघात झाला आणि तिथे असलेल्यांनाच एक विशिष्ट आजार जडला. तोच आजार घेऊन मारित्झा नावाचा कार्डासियन ‘डीप स्पेस नाइन’ या अंतराळस्थानकावर उतरतो. गॅलिटेप मुक्त करणाऱ्यांपैकी एक असलेली, स्थानकावरची बजोरन अधिकारी किरा त्याला कोठडीत टाकते. आपण साधे कारकून होतो, असे तो आधी सांगतो; मग एक जुने छायाचित्र सापडते आणि आपणच छावणीप्रमुख दारहील असल्याचे तो छाती ठोकून सांगू लागतो. पण खरा दारहील मरून गेलेला असतो, आणि अपघाताच्या दिवशी तर तो स्वतःच्या ग्रहावर पदक स्वीकारत होता. कोठडीतला माणूस खरोखरच कारकून निघतो. शस्त्रक्रियेने चेहरा बदलून तो मुद्दाम पकडला जायला आलेला असतो, कारण दारहील म्हणून आपल्यावर खटला चालला तरच कार्डासियाला आपला गुन्हा कबूल करावा लागेल, असे त्याला वाटते. रात्री बजोरनांच्या किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून आपण कान झाकून घेत होतो, हे तो रडत सांगतो आणि स्वतःला भेकड म्हणवतो.

यात माफी कोणाला मिळाली? कार्डासियाला नाही, दारहीलला नाही, आणि मारित्झा तर ती मागतही नाही. किरा त्याला सोडते ते कार्डासिया बदलायचा असेल तर अशीच माणसे लागतील म्हणून, आणि बाहेर पडताच एक बजोरन त्याला भोसकतो. तो कार्डासियन होता, एवढे कारण पुरेसे आहे, असे मारेकऱ्याचे म्हणणे. ते पुरेसे नाही, हे किराचे उत्तर. संदेश लिहिणारा या प्रसंगात मारेकऱ्याच्या बाजूने उभा आहे, आणि त्याला ते कळलेलेही दिसत नाही.

‘एक जमात, एक दुर्गुण’ यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. १९८७ साली फेरेंगी ही परग्रही जमात पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा ते निव्वळ हावरट विदूषक होते, आणि पुढे याच ‘डीप स्पेस नाइन’ने गुल दुकाट या कार्डासियन अधिकाऱ्यासारख्या गुंतागुंतीच्या पात्राला शेवटी सरळसोट खलनायक करून टाकले, ते मला आजही खटकते. पण १९९४ मध्ये क्वार्क हा फेरेंगी स्थानकाचा प्रमुख असलेल्या सिस्को या माणसाला तोंडावर सुनावतो की गुलामगिरी आणि छळछावण्या माणसांच्या इतिहासात आहेत, फेरेंगींच्या नाहीत. त्यावर सिस्कोजवळ उत्तर नसते.

‘माणूस कायम बरोबर’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेतल्या हॉर्टा या परग्रही जीवाला सगळे राक्षस समजतात, कारण ती खाणकामगारांना मारत असते. ती आई आहे आणि कामगार तिची अंडी फोडत आहेत, हे नंतर उघड होते. त्याच वर्षीच्या आणखी एका भागात ऑर्गेनियन नावाचे परग्रहवासी माणसांचे क्लिंगॉन या शत्रूजमातीबरोबरचे युद्ध थांबवतात तेव्हा यानाचा कप्तान कर्क ऑर्गेनियनांवर भडकतो, आणि नको असलेले युद्ध थांबले म्हणून आपण चिडलो, याची शेवटी त्यालाच लाज वाटते. हे दोन्ही भाग १९६७ सालचे आहेत. पाहायला सवड भरपूर होती.