पणजी कॅसिनोपुरती नाही

गोव्याच्या सहलीवरच्या त्या लेखात पणजीसाठी एक दिवस दिलाय, आणि त्यात काय? मिरामार, मांडवीतले कॅसिनो, संध्याकाळची बोटीची फेरी. मी पणजीतल्याच मळा भागात वाढलोय, म्हणून राहवलं नाही.

सकाळी आठच्या आत कॅफे टाटो किंवा कॅफे भोंसले गाठा. पातळभाजी, सोबत उंडो (गोव्याचा गोल पाव), मिरची भजी आणि चहा. उंडो बाहेरून कडक हवा, मोडताना कवच फुटल्याचा आवाज यायला हवा आणि आतून वाफ. तो भाजीच्या रसात बुडवून खायचा, चमच्याचं काम नाही. मग फोंतेन्यश या जुन्या वस्तीतून चालत मळ्यातल्या मारुतीच्या देवळापर्यंत चढा; लाल कौलांमागे नदी दिसते. (फोंतेन्यशमध्ये लोक राहतात हो, त्यांच्या दारात बसून फोटो काढू नका.)

दुपारी फिश थाळी. मात्र १ जून ते ३१ जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद असतात, तेव्हा ताज्या विसवणाचा (सुरमईचा) हट्ट धरू नका. त्या दिवसांत सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर मागा: खोबरं, कांदा, आमसुलाची आंबट चव. आमच्या घरी पावसाळा तिच्यावरच निघतो. मार्च ते मेमध्ये आलात आणि पीत असाल तर हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू), लिम्का आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून.

संध्याकाळी क्रूझऐवजी रायबंदरहून दिवाडी बेटाची फेरीबोट घ्या. मांडवी तीच, आणि शेजारी भाजीच्या पिशव्या घेऊन घरी निघालेली माणसं.