तान्ह्या बाळाच्या नाकात तूप टाकायचा तो मेसेज पुढे ढकलू नका

परवा रात्री साडेदहाला बहिणीचा फोन. ती बाळंतपणाला माहेरी आलीये, पारोळ्याकडे, बाळ दीड महिन्याचं. "दादा, मोठी माय म्हणते रोज रात्री बाळाच्या नाकात कोमट तूप टाकायचं, ग्रुपवर आलंय म्हणे, टाकत राहू का?" टाकत राहू का म्हणजे दोन रात्री टाकून झालं होतं. मी मोठ्या मायशी बोललो तर ती म्हणे, "काही व्हत नही रे, आम्ही बी हाईच करं, पोरे मोठा व्हयनातच ना." तिचा राग नाही मला, तिने प्रेमानेच केलं. राग आहे तो मेसेज लिहिणाऱ्यावर आणि न वाचता ढकलणाऱ्यांवर, आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो तीनदा आलाय, त्यातला एक पाठवणारा चांगला शिकलेला आहे.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. फुफ्फुसात धूळ आणि कफ साचतो, रोज रात्री झोपवून नाकात तेल किंवा गाईचं तूप टाकलं की ते थेट फुफ्फुसात उतरून घाण चिकटवून बाहेर काढतं, तान्ह्या बाळांनाही चालतं. कफ म्हणजे विष, तो पूर्ण वाळवून टाका. फुफ्फुसात मुळातच तेल असतं, ते कमी झालं की दम लागतो. बिडी-सिगारेटवाल्याचं फुफ्फुस 3 दिवसांत गुलाबी होतं. आणि शेवटी, 10 सेकंद श्वास रोखता आला की फुफ्फुस ठणठणीत.

मी बी.एस्सी.च्या पोरांचं झूलॉजीचं प्रॅक्टिकल घेतो, श्वासनलिकेची स्लाइड वर्षातून शंभर वेळा तरी डोळ्याखालून जाते, त्यामुळे कफ विष आहे हे वाक्य वाचून डोकंच फिरलं. ती स्लाइड लेन्सखाली धरली की आतल्या कडेला गुलाबी उभ्या पेशींची रांग दिसते, जांभळी केंद्रकं वरखाली असल्यामुळे पोरांना वाटतं तीन-चार थर आहेत, पण थर एकच असतो, प्रत्येक पेशी खाली बुडाला टेकलेली असते. त्या पेशींच्या वरच्या टोकाला मखमलीसारखी बारीक झालर, ती सिलिया. एकेका पेशीवर साधारण 200. जिवंत माणसात ती सेकंदाला 10 ते 15 वेळा हलते, सगळी एका लयीत, घशाच्या दिशेने. मध्येमध्ये पांढुरक्या पेल्यासारख्या पेशी दिसतात, त्या गॉब्लेट सेल, कफाचा चिकट पदार्थ त्या बनवतात, बाकीचा खालच्या ग्रंथींतून येतो. खाली पातळ पाण्याचा थर, त्यात सिलिया हलतात, वर चिकट थर, त्यात धूळ, परागकण, जंतू अडकतात आणि मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने वर सरकत घशापर्यंत येतात, आपण ते गिळून टाकतो, कळतसुद्धा नाही. म्हणजे ज्याला मेसेजवाला घाण म्हणतो तोच झाडू आहे. तो वाळवला तर सिलिया हलणार कशात? कफ फार झाला, रंग बदलला, रक्त आलं तर डॉक्टरकडे जायचं, ते वेगळं.

आता तुपाचं, कारण खरं नुकसान तिथे आहे.

नाकातून टाकलेलं तेल फुफ्फुसात उतरू शकतं, एवढं मेसेजवाल्याने बरोबर लिहिलंय, आणि तीच भीती आहे. पाण्याचा थेंब चुकून श्वासनलिकेत गेला की जोराचा ठसका लागतो, तेल-तूप मात्र गुळगुळीत, ठसका फारसा येऊच देत नाही, गुपचूप खाली घसरतं, त्यात बाळ उताणं झोपलेलं आणि रडता रडता जोरात श्वास आत ओढणारं. सिलियांना तो तेलकट थेंब वर ढकलता येत नाही. श्वासनलिका फांद्या फुटत फुटत साधारण 23 पायऱ्या खाली जाते, जसजसं खाली जाल तसतशा कूर्चेच्या कड्या संपतात, गॉब्लेट सेल संपतात, सिलियाही संपतात, आणि शेवटी येतात वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या. मोठ्या माणसात ते सरासरी 48 कोटी भरतात. तिथली भिंत जिथे सगळ्यात पातळ तिथे 0.2 मायक्रोमीटर, आपल्या वहीचा कागद 100 मायक्रोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे कागदाचा पाचशेवा भाग, आणि तिच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. तिथे झाडू नाही. तिथे फक्त मॅक्रोफेज नावाच्या पेशी फिरतात, आलेला कण गिळतात. त्या तुपाचे थेंबही गिळतात, गिळून फुगतात, मायक्रोस्कोपखाली फेस भरल्यासारख्या दिसतात, आणि तूप प्राण्याची चरबी असल्यामुळे त्याचं विघटन होऊन जी फॅटी ॲसिड्स सुटतात ती आजूबाजूची भिंत सुजवतात. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. हे काही काल शोधलेलं नाही, 1925 साली लॉफलेन नावाच्या डॉक्टरांनी नाका-घशात तेल टाकलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसात तेच तेल सापडल्याचं लिहून ठेवलंय, आणि सशांवर प्रयोग करून तसंच होतं हेही दाखवलंय. म्हणजे 100 वर्षं झाली. आणि बाळाचे बहुतेक वायुकोश जन्मानंतर बनतात, दीड महिन्याच्या बाळात ते काम अजून चालूच असतं.

मोठी माय म्हणते आमची पोरं जगली. जगली, मान्य. थेंब प्रत्येक वेळी खाली उतरतोच असं नाही. पण ज्यांना बाळपणी न्यूमोनिया झाला त्यांच्या नाकात काय टाकलं होतं हे कुणी कुणाला विचारलं होतं?

फुफ्फुसात मुळातच तेल असतं या मुद्द्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. वायुकोशातल्या टाइप-2 पेशी सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ सोडतात, तो बऱ्यापैकी चरबीचाच असतो, आणि त्यामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटत नाहीत. फार लवकर जन्मलेल्या बाळांत तो कमी पडतो, हे 1959 मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि मीड या संशोधकांनी दाखवलं, आणि आज काचेच्या पेटीतल्या बाळांना डॉक्टर तो नळीने देतात. पण तो एक ठरावीक पदार्थ आहे, वायुकोशाच्या आत अतिशय पातळ पसरणारा. तूप तसं पसरत नाही, साचतं. दोन्ही स्निग्ध म्हणून एक धरायचं तर मग पेट्रोलच्या जागी गोडं तेल टाकून गाडी चालवा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, घोळणा फुटतो, तेव्हा मोठ्या माणसाने बोटाला तेल लावून नाकपुडीच्या कडेला फिरवलं तर माझं काही म्हणणं नाही. पण उताणं झोपून रोज रात्री चमच्याने ओतणं वेगळं, ते म्हाताऱ्या माणसांनीही करू नये.

3 दिवसांत गुलाबी हे तर साफ खोटं. बिडीच्या धुराने सिलिया आखूड होतात, मंदावतात, गॉब्लेट सेल वाढतात, म्हणून सकाळचा तो खोकला. सोडली की सिलिया हळूहळू परत येतात, त्याला आठवडे-महिने लागतात. पण मॅक्रोफेजांनी गिळलेली काजळी बरीचशी तिथेच राहते, चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांचंही तेच. आमचे आप्पा जिनिंगला होते, सीझनमध्ये सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळायची म्हणायचे, कापसाच्या धुळीचा हा त्रास जगभरच्या कामगारांना होतो. त्याला तोंडाला कापड आणि शेडमध्ये हवा खेळती ठेवणं लागतं, तुपाने काय होणार.

10 सेकंद श्वास रोखण्याने काहीच सिद्ध होत नाही, कोरोनात हेच फिरलं होतं.

बाळाचं नाक चोंदलं तर डॉक्टरांना विचारून मिठाच्या पाण्याचे ड्रॉप आणा. आणि कुणी तूप-तेल टाकलं असेल आणि बाळ भराभर श्वास घेतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, दूध पीत नाहीये, तर लगेच दवाखाना गाठा आणि तेल टाकलं होतं हे स्वतःहून सांगा. लोक हे लाजून लपवतात किंवा त्यात सांगण्यासारखं काय म्हणून राहून जातं, एक्स-रेत साधा न्यूमोनियाच वाटतो, अँटिबायोटिक सुरू होतात, आणि अँटिबायोटिकने तूप निघत नाही. आमच्या बाळाला काल डॉक्टरांनी तपासलं, छाती क्लिअर आहे. वाटी मोठ्या मायनेच उचलून ठेवली, पण ग्रुपवर तो मेसेज अजून तसाच आहे, ज्याने टाकला त्याने तो आज काढावा.