आत्या, ती गोळी दुधात घालू नकोस

काल रात्री ठाण्याहून आत्याचा फोन. "अगं, गोळी अख्खी घालायची की कुटून?" तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'भटक्या मांजरांवर खात्रीचे उपाय' फिरतायत, आमच्या घरच्या ग्रुपवरही तेच तीनदा आलंय. सार असं: दुधात पॅरासिटामॉल घाला, मांजर गुंगलं की गोणीत भरून खाडीपलीकडे सोडा. पिंजरा लावणं क्रूर, नसबंदीचा उपयोग शून्य, आणि आवारात मांजर असणं गरोदर बाईला धोक्याचं.

आत्याचा मांजरांवर राग नाही. जिन्याखाली सारखी पिल्लं होतात, निम्मी गाड्यांखाली जातात, ते तिला बघवत नाही. म्हणूनच मला या मेसेजचा जास्त संताप आला.

पॅरासिटामॉलने मांजर गुंगत नाही, मरतं. माणसाचं यकृत ते औषध ज्या पद्धतीने निकामी करून बाहेर टाकतं, ती सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या बोक्याचा जीव घेऊ शकते. हे लिहिणाऱ्याने एकाही पशुवैद्याला विचारलं नाही? भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली प्राण्याला विष घालण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आत्याच्या हातून हे घडलं असतं.

लांब नेऊन सोडलं की मांजर अनोळखी जागी उपाशी भटकतं, नाहीतर परत यायला निघून रस्त्यात चिरडलं जातं. इकडे कचराकुंडी तीच, मासळीवालीही तीच, त्यामुळे रिकाम्या जागी दुसरं मांजर येतं. उपाशी मरेल अशा रीतीने प्राणी टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

आता पिंजरा, म्हणजे नसबंदीसाठी मांजर पकडायचा. झडप पडल्यावर मांजर धडपडतं, हे खरं. पण वर लगेच जुनी चादर टाकली की अंधारात ते शांत बसतं, हे मी दर वेळी पाहिलंय. आत सुका बोंबील ठेवायचा आणि पिंजऱ्यावरून नजर हटवायची नाही. शस्त्रक्रियेची वेळ आधीच ठरवलेली हवी. पुढे नसबंदी झाल्याची खूण म्हणून भुलीतच कानाचं टोक कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही. शुद्धीवर येऊन सावरलं की पकडलं तिथेच सोडायचं. याला क्रूर म्हणणारा गोणीला काय म्हणतो?

नसबंदी निरुपयोगी? फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात 1996 मध्ये 68 मांजरं होती, 2002 मध्ये 23 उरली. 2003 साली हा अभ्यास अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. त्यात जवळजवळ निम्मी मांजरं लोकांनी घरी नेली होती, तेही सांगायला हवं. आणि दोन-चार मांजरांची करून थांबलात तर फरक पडत नाही, एवढं मेसेजवाल्याचं मान्य. पाच-सहा महिन्यांची मांजरी गाभण राहते, नऊ आठवड्यांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून आवारातल्या जवळपास सगळ्या मांजरांची नसबंदी व्हायला हवी.

गरोदरपणाचं म्हणाल तर ज्याची भीती घालतात तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो, तसाच कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही. विष्ठा दुसऱ्या कुणी काढावी, भाजी धुवावी, मांस नीट शिजवावं.

आत्या, डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे. शुक्रवारी रात्री नऊनंतर जिन्याखाली कुणी दूध-पोळी ठेवू नये, एवढं तुमच्या ग्रुपवर टाक. पिंजरा मी घेऊन येते.