‘सगळे शांत मासे आहेत’ असे सांगून दिलेल्या माशांबद्दल दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा सविस्तर अभिप्राय मी दोनदा वाचला आणि त्या दिवशीचे बिलही काढून पाहिले. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: आपण एकाच दिवशी १० निऑन टेट्रा, २ एंजल, ४ टायगर बार्ब आणि १ सकर असे १७ मासे नेले, ‘सगळे शांत मासे आहेत, एकत्र राहतात’ असे आपल्याला सांगण्यात आले, पुढच्या पाच महिन्यांत निऑन एकेक करून नाहीसे झाले, एंजलचे पर फाटले, त्यावर आम्ही फिन रॉटचे, म्हणजे पर सडण्याच्या रोगाचे, औषध दिले आणि त्याचाही उपयोग झाला नाही. यावरून आमचे मासे मुळातच रोगट असतात, असा निष्कर्ष आपण काढला आहे. हा निष्कर्ष मला मान्य नाही. बाकीची तक्रार खरी आहे आणि तिच्यातली चूक आमची आहे.

आपली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तरी जेमतेम ५५ लिटरची आहे, आणि हे आपण खरेदीच्या वेळी सांगितले होते. तेवढ्या एका माहितीवर आमच्या माणसाने एंजल आणि सकर या दोघांना नकार द्यायला हवा होता. आपण नेलेले एंजल रुपयाच्या नाण्याएवढे होते. पूर्ण वाढलेल्या एंजलच्या शरीराची लांबी १५ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंतची उंची २० सेंटिमीटरहून जास्त भरते. तळाची वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली, तर एक फूट उंचीच्या टाकीत त्याला नीट वळायलाही अडचण होते.

निऑनचे काय झाले, ते आपल्याच वर्णनातून कळते. आपण लिहिता की पहिला आठवडा सोडला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत सगळे ठीक होते, त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी सकाळी एक मासा कमी दिसायचा आणि मेलेला मासा कुठेच सापडायचा नाही. रोगाने मेलेला मासा बहुधा तळाशी, रोपांत किंवा फिल्टरच्या तोंडाशी सापडतो. येथे तो सापडला नाही, कारण तो एंजलच्या पोटात गेला होता. एंजल हा सिक्लिड कुळातला शिकारी मासा आहे, आणि जे तोंडात मावते ते तो खातो. निऑन जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा आणि सडपातळ असतो. अंधारात त्याचा रंग फिकट होतो आणि तो एका जागी संथ राहतो. दिवा लागण्याआधीच्या वेळेत त्याला गिळणे एंजलला अवघड नसते. आपण एंजलला ‘खुनी’ म्हटले आहे, ते मात्र मला पटत नाही. त्याचे तोंड मोठे झाले, एवढेच घडले.

ही जोडी अनेक याद्यांमध्ये ‘चालते’ अशी नोंदलेली असते आणि त्याला कारणही आहे. दोन्ही मासे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आहेत, दोघांनाही मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी मानवते, आणि २५-२६ अंश तापमानात दोघेही राहू शकतात. पाण्याचा मेळ बसला म्हणजे माशांचाही बसला, असे मात्र होत नाही. आधी पाणी पाहावे, मग पूर्ण वाढीचा आकार, मग स्वभाव आणि मग कोण टाकीच्या कोणत्या थरात राहतो ते. आम्ही पहिल्या पायरीवरच थांबलो.

आता एंजलच्या परांविषयी. आपण जोडलेले छायाचित्र मी मोठे करून पाहिले. पोटाखालचे दोऱ्यासारखे दोन लांब पर अर्ध्यावर तुटलेले आहेत आणि शेपटीच्या कडेला अर्धगोल खाचा दिसतात. खाचांच्या कडा स्वच्छ आहेत. फिन रॉट असता तर कडा पांढुरक्या किंवा लालसर, विरघळल्यासारख्या दिसल्या असत्या. हे टायगर बार्बने कुरतडल्याचे लक्षण आहे. टाकीत आणखी कोण कोण आहे हे न विचारता आम्ही औषधाची बाटली हातात ठेवली, ही आमची दुसरी चूक, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी, कारण त्या औषधामुळे खरे कारण आणखी महिनाभर टाकीतच राहिले.

टायगर बार्ब दुकानात शांत दिसतात, हे आपले निरीक्षण बरोबर आहे आणि ग्राहकाची फसगत नेमकी तिथेच होते. आमच्या टाकीत ते ३०-४० एकत्र असतात आणि दिवसभर एकमेकांचाच पाठलाग करतात. त्यांची सगळी भांडणे थव्यातल्या थव्यात मिटतात. त्यातले चारच घरी नेले की त्यांना भांडायला पुरेसे सोबती उरत नाहीत, आणि समोर जो संथ व लांब परांचा मासा असेल, मग तो एंजल असो, गुरामी असो की फायटर, त्याच्या परांवर त्यांची नजर जाते. किमान आठ-दहा बार्ब असले तर हा त्रास कमी होतो, पण एंजलसोबत मी दहाही देणार नाही. शिवाय दुकानातली टाकी भरगच्च असते आणि मासे तिथे काही दिवसच असतात, त्यामुळे हद्दीवरून भांडणाऱ्या माशालाही हद्द आखायला अवसर मिळत नाही. दुकानातल्या टाकीवरून माशाचा स्वभाव ठरवू नये, हे विक्रेता म्हणून मीच आपल्याला सांगायला हवे होते.

सकर ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून दिला गेला. तो काचेवरचे शेवाळ खरवडतो, पण इतर माशांची विष्ठा खात नाही, उलट स्वतःच बरीच करतो, आणि एक फुटाहून मोठा होतो.

पहिल्या आठवड्यात दोन निऑन पृष्ठभागावर धापा टाकत मेले, यावरून आपण रोगाचा अंदाज बांधला आहे. टाकी आदल्याच दिवशी भरली होती, असेही आपणच लिहिले आहे. नव्या टाकीत माशांच्या उत्सर्गातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी १७ मासे एकदम सोडले तर अमोनिया साचतो आणि माशांचे कल्ले जळतात. टाकी किती दिवसांची आहे, हे विचारणे आमचे काम होते.

दुकानातल्या टाक्यांवरची ‘शांत’ ही पट्टी मी काढून टाकली आहे. तिच्या जागी प्रत्येक जातीची पूर्ण वाढीची लांबी, किमान किती संख्येने ठेवावी आणि किती लिटरची टाकी लागते, एवढे लिहिले आहे. टाकीचे माप, तिचे वय आणि आधीचे मासे विचारल्याशिवाय कोणीही जाळी पाण्यात घालणार नाही.

आपले दोन्ही एंजल, चारही बार्ब आणि सकर आम्ही परत घेऊ, आणि औषधाचे व गमावलेल्या निऑनचे पैसे परत करू. आपल्याला त्याच टाकीत पुन्हा मासे हवे असतील, तर मी मधल्या थरासाठी १० ते १२ निऑन आणि तळासाठी ६ लहान कॉरिडोरास (तळाशी वावरणारे मिशीवाले मासे) सुचवेन, तेही दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. कॉरिडोराससाठी तळाची टोकदार खडी काढून बारीक वाळू घालावी लागेल, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात.

मासे परत आणण्याच्या आदल्या दिवशी त्यांना खाणे देऊ नये, म्हणजे पिशवीतले पाणी खराब होत नाही. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा ठेवावी. बार्ब आणि एंजल कृपया वेगवेगळ्या पिशव्यांत आणावेत.

आपला,
दुकानमालक